पुलावरचा बडा खाना

नोकरीत मी बर्फात राहिलो, वाळवंटात राहिलो, उंदरांनी बूट कुरतडलेल्या बंकरमध्ये हिवाळे काढले. पण सगळ्यात वाईट पोस्टिंग कोणतं असं विचाराल, तर ते साउथहॅम्प्टनजवळच्या एका हॉटेलातलं. गालिचे जाड, सूप गरम, खिडकीबाहेर न्यू फॉरेस्टच्या रानातले मोकळे घोडे गवत खात हिंडणारे. तिथे मी तीन आठवडे होतो. त्या हॉटेलची आठवण आली की अजून तोंड कडू होतं.

काम असं होतं. आफ्रिकेतल्या एका देशात आमची बटालियन शांतिसेनेत होती. देशाचं नाव लिहीत नाही, कारण यातली काही माणसं अजून तिथेच राहतात. तिथलं सरकार नावापुरतं. राजधानीबाहेर त्याला कोणी विचारत नसे. समोर एक सशस्त्र चळवळ, तिच्याकडे बंदुका आणि उत्तरेचा मुलूख. दोघांनी सत्ता वाटून घ्यावी म्हणून ब्रिटनमध्ये बोलणी ठेवली होती. मी बटालियनचा सीओ, म्हणजे प्रमुख, हुद्दा लेफ्टनंट कर्नल. मला मिलिटरी ॲडव्हायजर म्हणून पाठवलं. नकाशावर कोण कुठे उभं आहे ते सांगायचं आणि आमच्या पोस्टशी रोज सॅटेलाइट फोनवर बोलायचं, एवढंच काम.

आमची सगळ्यात नाजूक पोस्ट एका पुलावर होती. दक्षिण काठावर सरकारी कंपनी, उत्तर काठावर चळवळीची माणसं, मधोमध वाळूची पोती रचून आमची प्लाटून. पोस्ट कमांडर सुभेदार हणमंत शेलार, गाव कोरेगावकडचं. बोलणं कमी, मिशी भरघोस, आणि स्वयंपाकात लुडबुड करायची भारी हौस. लंगरचा कुक त्याला वैतागलेला असायचा. फौजेत सीओसुद्धा सुभेदाराला 'साहेब' म्हणतो. मी त्यांना शेलारसाहेब म्हणायचो, ते मला नुसतं साहेब.

दोन्ही काठांवरचे कमांडर शेलारसाहेबांनी आपलेसे करून घेतले होते. दक्षिणेचा एक तरुण कॅप्टन. उत्तरेचा पूर्वी शाळेत शिकवायचा, त्याला सगळे मास्टर म्हणत. पुलावर गोळीबार थांबला होता. कोणत्याही करारात तसं लिहिलेलं नव्हतं. रोज सकाळी दोघं पुलावर यायचे, आमचा चहा प्यायचे आणि नदीवर आज कोणाच्या बायका धुणं धुणार ते ठरवून जायचे.

एके दिवशी शेलारसाहेब फोनवर म्हणाले, "साहेब, सह्या व्हतील त्या दिवशी बडा खाना करू या का? दोन्ही बाजूंना बोलावतो."

बडा खाना म्हणजे फौजेतलं पंगतीचं जेवण. त्यात एक रीत असते: त्या दिवशी ऑफिसर जवानांना वाढतात. सीओसुद्धा हातात डाव घेऊन रांगेपुढे उभा राहतो. जो हुकूम देतो त्याने वर्षातून एकदा तरी वाढावं, असा त्यातला भाव. शेलारसाहेबांनी या रीतीला आपली फोडणी दिली. कॅप्टनने उत्तर काठावर जाऊन मास्टरच्या पोरांना वाढायचं, आणि मास्टरने दक्षिणेला येऊन कॅप्टनच्या पोरांना. दोघंही कबूल झाले. मीही परवानगी दिली, आणि आजही देईन.

इकडे हॉटेलात दोन डायनिंग रूम होत्या, कारण दोन्ही शिष्टमंडळं एका छताखाली जेवायला तयार नव्हती. लिफ्टही वाटून घेतलेल्या. सरकारचा मुख्य बोलणारा एक मंत्री, सुगंधी आणि हसतमुख. चळवळीचा मुख्य बोलणारा स्वतःला जनरल म्हणवून घ्यायचा; त्याचे बूट मी कधी धुळीत पाहिले नाहीत. मध्ये एक निवृत्त ब्रिटिश मुत्सद्दी, मध्यस्थ म्हणून. तीन आठवड्यांत लोकांना धान्य कसं मिळेल यावर एक दुपार गेली. उरलेले दिवस खात्यांवर. पहिला उपराष्ट्रपती कोण आणि दुसरा कोण. पोलीस कोणाचे. जंगलं आणि खाणी कोणाच्या. देशाला समुद्र नाही, तरी बंदरखात्यावरून दोघं भांडले. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी!

माझी मुलगी मुग्धा साउथहॅम्प्टनला हॉस्पिटलमध्ये डॉक्टर आहे. एका रविवारी ती डबा घेऊन आली. लॉबीत ही मंडळी क्रिकेटचा स्कोर बघत लोळत होती.

"बाबा, हे सगळे किती रिलॅक्स्ड आहेत," ती म्हणाली. "तिकडे खरंच वॉर चालू आहे ना?"

"तिकडे चालू आहे," मी म्हणालो. "इथे नाही."

मग एक कलम आलं. जिल्ह्यांची वाटणी कशी करायची यावर घोडं अडलं होतं. मध्यस्थाने तोडगा काढला: सही होईल त्या क्षणी जो भाग ज्याच्या ताब्यात, तो जिल्हा त्याचा. दोघांनी माना डोलावल्या. मी हात वर केला.

"सर, हे आमंत्रण आहे. सहीच्या आधी प्रत्येक जण एक पाऊल पुढे सरकणार. आणि पहिलं पाऊल पुलावर पडेल."

"कर्नल, सही वेळेवर झाली तर सरकायला वेळच मिळणार नाही," मध्यस्थ म्हणाला. "इट्स अ प्रॅक्टिकल फॉर्म्युला."

उंटावरून शेळ्या हाकणारी माणसं मी आधीही पाहिली होती. इतकी निवांत पाहिली नव्हती.

शुक्रवारी सगळं ठरलं. शनिवारी सकाळी अकराला सह्या. तिथे तेव्हा दुपारचा एक, म्हणजे जेवणाची वेळ. पोस्टला तसं कळवलं. शेलारसाहेबांनी बोकड कापले.

शनिवारी हॉलमध्ये फुलं मांडली, झेंडे लावले. पावणेअकराला मंत्र्याने कागद बघितला आणि खुर्ची मागे सारली. दोघांची नावं एका ओळीत छापली होती. त्याचं म्हणणं, सरकारचं नाव वर पाहिजे. जनरल म्हणाला, एका ओळीतच पाहिजे. अर्धा तास हे चाललं. मग मध्यस्थाने जाहीर केलं की सह्या सोमवारी. संयुक्त निवेदन निघेपर्यंत बाहेर कोणी फोन करायचा नाही.

मी खिडकीशी उभा होतो. सरकारचा लष्करी सल्लागार बागेत जाऊन फोनवर बोलत होता. पलीकडे घोड्यांच्या कुंपणाशी जनरलचा माणूसही फोनवर. नकाशा दोघांच्याही हातात. कोण काय बोललं ते मी ऐकलं नाही. सिद्धही करू शकत नाही.

मी सॅटेलाइट फोन उचलला. मध्यस्थ आडवा आला. "कर्नल, निवेदन निघालेलं नाही."

"माझी माणसं पुलावर आहेत," मी म्हणालो आणि बाहेर पडलो.

शेलारसाहेबांनीच फोन घेतला. मागे भांड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता.

"सही झाली नाही. सोमवारवर गेली. दोन्हीकडून पुढे सरकतील असं वाटतंय. पूल रिकामा करा."

"पंगत बसलीय, साहेब. गावातली बायका-पोरंबी आल्यात."

"उठवा."

"उठवतो." मग म्हणाले, "कॅप्टन उत्तरेला वाढतोय. मास्टर दक्षिणेला."

दोन्ही कमांडर एकमेकांच्या काठावर, बिनहत्यारी, हातात डाव. गोळी सुटली की जिथे होते तिथेच त्यांचा निकाल लागला असता. आणि ते मेले की पूल कायमचा गेला.

"दोघांना मी आणून सोडतो," शेलारसाहेब म्हणाले. "निळं हेल्मेट बघून तरी थांबतील."

"दुसऱ्या कोणाला पाठवा."

"मीच बोलावलंय त्यास्नी, साहेब."

त्यानंतर फोनवर हवालदार होता. लाइन चालू ठेवायला मी सांगितलं होतं.

"गाव खाली गेलं, साहेब. पुलाशेजारच्या नाल्यात बसवलंय."

"सुभेदार साहेब?"

"कॅप्टनला घेऊन येतायत. आले. कॅप्टन त्याच्या बाजूला पोचला."

"आता?"

"मास्टरला घेऊन निघाले." मग एक धमाका. मग दुसरा. "मॉर्टर, साहेब. दोन्हीकडनं, मागल्या तळांवरनं."

"बोलवा त्यांना."

"हाका मारल्या. ऐकत न्हाईत. मास्टरला पुढं ढकललं. मास्टर पळतोय. पोचला, साहेब."

"शेलारसाहेब?"

"साहेब पडले," हवालदार म्हणाला.

मी हॉलमध्ये जाऊन सांगितलं. नाव सांगितलं, हुद्दा सांगितला. सगळे उभे राहिले, माना खाली घातल्या. कोणीतरी घड्याळ पाहिलं आणि सगळे बसले. मग मंत्र्याने विचारलं, "आय ॲम सो सॉरी, कर्नल. पण आता पूल कोणाच्या ताब्यात आहे?"

जनरलही माझ्याकडे बघू लागला. मध्यस्थाने पेन उचललं. मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाणं म्हणतात ते मी त्या दिवशी याचि डोळा पाहिलं. मला शिसारी आली. कॉलर धरून त्या मंत्र्याला भिंतीवर आपटावं असं वाटलं, आणि ते केलं नाही ते फक्त अंगावर वर्दी होती म्हणून.

"माझ्या," मी म्हणालो. "पूल माझ्या जवानांच्या ताब्यात आहे. लिहून घ्या."

खरंच होतं ते. हवालदाराने पोस्ट सोडली नव्हती. आणि कॅप्टनने आणि मास्टरने आपापल्या काठावरून, वरून हुकूम येऊनही, पुलावर माणूस चढवला नव्हता. सोमवारी सह्या झाल्या. पूल कोणत्याच जिल्ह्यात घालता आला नाही, म्हणून त्याचा उल्लेखच गाळला. शेलारसाहेबांचाही उल्लेख नाही. फोटोसाठी मला बोलावलं, मी गेलो नाही. मुग्धाने त्या संध्याकाळी विचारलं, "बाबा, जेवलात का?" दोन दिवस मी जेवलो नव्हतो.

कोरेगावला मी स्वतः गेलो. शेलारवहिनींनी एकच विचारलं, "पोरं उपाशी न्हाई ना राहिली त्या दिवशी?" मी सांगितलं, बहुतेकांचं जेवून झालं होतं.

ते संयुक्त सरकार वर्षभरात मोडलं. लढाई पुन्हा सुरू झाली. मी निवृत्त झालो आणि आता मुग्धाकडे राहतो. मागच्या उन्हाळ्यात लंडनला गेलो असताना वेम्बलीच्या ईलिंग रोडवर आंब्यांच्या पेट्या बघत होतो, तर शेजारी तोच मंत्री. आता इथेच कुठेतरी घर घेतलंय. त्याने मला ओळखलं.

"कर्नल! हिस्टॉरिक डेज, नाही?"

"माझा सुभेदार आठवतो का?" मी विचारलं. "नाव काय होतं?"

तो हसला, आठवल्यासारखं केलं, आणि देठाशी आंबा हुंगू लागला. मी पेटी तिथेच ठेवली आणि स्टेशनकडे चालू लागलो. त्याच्या शेजारी उभं राहणं मला जमेना.

कॅप्टन पुढच्या लढाईत मारला गेला. मास्टर जिवंत आहे, पुन्हा शाळेत शिकवतो. दरवर्षी त्या तारखेला त्याचा फोन येतो. यंदाही आला.

"आज दक्षिण काठावर जाऊन वाढलं," तो म्हणाला. "कॅप्टनच्या गावच्या पोरांना."

"परत कोणी आणून सोडलं?"

"कोणी नाही, कर्नल. सुभेदार जिथे पडले तिथे थांबलो. मग पुढे एकटाच चालत आलो."