वेचणारीचं तिकीट

कापसाला भाव नव्हता त्या वर्षांत दिग्रस-यवतमाळ एसटीत एक बाई मला नेहमी भेटायची. गावातल्या बायांच्या गटाचा कापूस विकायला ती सारखी नागपूरहून विमानानं दूरच्या सूतगिरण्यांकडे जायची. बोलताना कापसाच्या नमुन्याचे तंतू दोन अंगठ्यांत ओढून बघायची.

मीही धंद्यासाठी उडणारा. प्रवासाचे पॉइंट जमून फुकट तिकीट मिळतं ते कार्ड कोणत्या विमान कंपनीचं घ्यावं, असं एकदा तिला विचारलं. माझा जीव विमानतळावरच्या लाउंजच्या फुकट जेवणात अडकला होता.

"ज्याचे पॉइंट दुसऱ्याच्या तिकिटाले चालते, ते घ्या," ती म्हणाली. "पॉइंट जमले का आमची एक कापूस वेचणारी संगं येते."

"ते कायले?"

"गिरणीवाले माह्याशी घासाघीस करते. तिचे हात पाह्यले का चूप बसते."

मागच्या सीटवर नवं लुगडं नेसलेली म्हातारी होती. बोंडांनी ओरबाडलेली बोटं तिनं पदराखाली झाकली होती.

"झाकू नको, आजी," बाई म्हणाली.