उन्हातली बाटली

मंडळी, गेल्या आठवड्यात मी याच कम्युनिटीवर ठणकावून लिहिलं होतं की आपली ती छोट्या कारखान्यातली लागर बीअर गावोगाव मिळायला लागली आणि बिघडली. आज ते मागे घेतोय.

दुपारी पिंपळगावला हायवेवरच्या ढाब्यावर बसलो होतो. सोबत मावसभाऊ तानाजी, द्राक्षाच्या कोल्ड स्टोरेजवर कामाला आहे. मी त्याच बीअरचा एक घोट घेतला आणि म्हणालो, "बघ, कुबट वास येतोय."

त्याने ग्लासला हातही लावला नाही. काउंटरकडे बघत बसला. तिथे गिऱ्हाइकाला दिसाव्यात म्हणून बाटल्या उन्हात मांडल्या होत्या. त्यातलीच एक बर्फात बुडवून आम्हाला दिली होती.

"दादा, उन्हात नासलेल्या मालाला मागून बर्फ लावून उपेग नाय. आमच्याकडं द्राक्ष तोडलं की लगेच थंड खोलीत जातं." मग ढाबेवाल्याला म्हणाला, "मामा, आतल्या खोक्यातली द्या."

ती गार होईपर्यंत शेंगदाणे संपले. पण चव तीच, पूर्वीची. ताज्या पावाचा वास, शेवटी किंचित कडू.

"पूर्वीसारखं राहिलं नाही" म्हणून तुम्ही काय काय सोडून दिलंय? एकदा आतल्या खोक्यातलं मागून बघा.