राखेने घासलेली सुई

माघातला सोमवार. गुऱ्हाळावर चौघे होतो: मी, वडगावचा एक शेतकरी, चुलीला जाळ घालणारा चुलवाण्या आणि मिस्त्री. त्याला सगळे मिस्त्रीच म्हणत. नाव मी कधी विचारले नाही. महाराजांच्या अमदानीत आमच्या भागात ऊस गाळायला इंजिन आणणारा मीच पहिला. त्या दिवशी त्याच्या कार्बुरेटरमधून पेट्रोल सांडायचे थांबेना. त्याचा ओघळ पेटत्या चुलीकडे निघाला होता आणि काहिलीत शेतकऱ्याचा रस अर्धा उकळला होता.

मिस्त्रीने टाकीची तोटी बंद केली. कानावरची बिडी खिशात टाकली.

"आदी जाळ इझवा."

"आरं, रस नासंल की!" शेतकरी ओरडला.

"नासंल, पावणं. मानसं तरी ऱ्हातील."

जाळ विझवला. पेट्रोल अडवणारी बारीक सुई मिस्त्रीने काढली, टोकाला जीभ लावली आणि थुंकला.

"राख हाय. भांड्यावानी हिला कुनी घासलं?"

प्रश्न विचारला की उत्तर मिळेपर्यंत तो हत्याराला हात लावत नसे. तसाच मांडी घालून बसला.

"ह्येनंच!" शेतकऱ्याने चुलवाण्याची मानगूट धरली.

"आईच्यान म्या न्हाय!"

मिस्त्री कुणाकडेच बघत नव्हता. रस काळा पडत चालला होता.

"मी घासली," मी म्हणालो. "पितळेची म्हणून."

"व्हय," एवढेच म्हणून त्याने पान्हा उचलला. तासाभरात इंजिन चालू झाले.

मिस्त्रीला दोन रुपये दिले. वाया गेलेल्या काहिलीचे चोवीस रुपये शेतकऱ्याला दिले.