न टोचलेलं वांगं

माझ्या मोठ्या जावेइतकी तापट बाई तापीपासून गिरणेपर्यंत दुसरी झाली नाही, आणि तिच्यासारखा स्वयंपाकही कुणाला जमला नाही. चूल पेटायच्या आधी अक्का पेटायची. डाळ शिजायच्या आधीच मीठ पडलं, भाकरीचं पीठ गार पाण्यात भिजवलं, पानं वाढायच्या आधीच भाजीत शेव टाकून तिचा लगदा केला, यातला एकेक गुन्हा तिच्या लेखी खुनाच्या खालोखाल. उकळत्या रश्श्यात गार पाणी ओतणं म्हणजे तर खूनच. "तर्री मारी टाकी व तू!" असं ती ओरडली की शेजारीण कोण गेलं म्हणून विचारायला यायची.

अशा घरात मी जळगावहून गृहविज्ञानाची पदवी आणि मापाचे चार चमचे घेऊन भडगावला आले. काय तो माझा तोरा! मीठसुद्धा चमचा सपाट करून घालायची. अक्काने आठवडाभर पाहिलं आणि चमचे पोरींना भातुकलीला देऊन टाकले. "हात कशाले शेत तुले?" मी रागाने दोन दिवस जेवले नाही. तिसऱ्या दिवशी तिच्या भरिताचा वास आला आणि माझा स्वाभिमान मुकाट्याने पाटावर येऊन बसला.

खरं युद्ध त्या भरितावरूनच. वांग्यांना तेलाचा हात फिरवायचा, सुरीने टोचायची, मग कपाशीच्या वाळक्या काड्यांवर भाजायची. सोलताना पाण्याखाली धरायची नाहीत, चव वाहून जाते. मग मिरची-लसणासकट लाकडी बडगीत ठेचायची. मी विदुषी! म्हटलं, टोचल्याने जीवनसत्त्वं जातात. न टोचता वांगं जाळावर ठेवलं. ते फुटलं ते थेट शेजारी शेकत बसलेल्या सासऱ्यांच्या पांढऱ्या टोपीवर. "हाई शिकनी का व कॉलेजमा?" अक्का कडाडली. पुढे कित्येक वर्षं प्रत्येक पाहुण्याला ती टोपीची गोष्ट सांगायची, आणि प्रत्येक वेळी नव्याने चिडायची.

गेल्या दिवाळीनंतर अक्का आजारी पडली. ती उठली, पण तिचा राग काही उठला नाही. स्वयंपाकघराच्या दाराशी खाटेवर बसून असते. काहीही वाढा, म्हणते, "चालस." खारट झालंय? चालस. करपलंय? चालस. मला तिचा असा संताप आला! जन्मभर मला छळलं, आणि आता अर्ध्यावर सोडून चालली?

एका सकाळी मी गॅसवर, तिच्या डोळ्यांदेखत, न टोचलेलं वांगं ठेवलं आणि गुणगुणत उभी राहिले. ओट्यापासून कॅलेंडरपर्यंत वांगंच वांगं! खाटेवरून आवाज आला, "भोकं कोन पाडी व? तुना बाप?" मी ओटा पुसत रडले. तिला सांगितलं, वाफ लागली.

तेव्हापासून मी रोज एक चूक करते. माझ्या सुना आपसात म्हणतात, आईंच्या हाताची चव गेली. जाऊ दे, गेली तर गेली.

काल मी उकळत्या रश्श्यात गार पाणी ओतलं, तांब्या उंच धरून, तिला धार ऐकू जाईल असं. तिचे डोळे मिटलेले होते. तर्री बसली. खाटेवर काहीच हाललं नाही.

मी आणखी एक तांब्या भरून घेतला.