सत्तेचाळीस सोल्जर आजोबा

टाळ्या थांबेनात, तेव्हा मी उठून खिडकी लावून घेतली. खिडकी तशीच राहिली असती तरी चाललं असतं. पण हातांना काहीतरी काम हवं होतं, आणि टाळ्या वाजवायची माझी तयारी नव्हती.

नववी ब मधल्या एका मुलीची तीन मिनिटांची फिल्म नुकतीच संपली होती. तिचे वडील कोथिंबिरीच्या जुड्या कशा बांधतात, बाजारात कुठे बसतात, पाऊस आला की काय करतात, हे तिनं इंग्रजीत सांगितलं होतं. आवाज तिचाच, फोटो घरच्या अल्बममधले. याला डिजिटल स्टोरी म्हणतात, असं तिच्या इंग्रजीच्या बोरस्ते मॅडमनी पालकांना समजावून सांगितलं. मुलानं आपले फोटो आणायचे, ते स्कॅन करून कॉम्प्युटरवर घ्यायचे, क्रमानं लावायचे आणि माइकसमोर बसून स्वतःची गोष्ट इंग्रजीत बोलायची. पालक खूश, मुख्याध्यापक दातार सर खूश. मुलगी तर इतकी खूश की तिला चालताही नीट येईना.

मी एकटा जळत होतो. आता रिटायर झालोय, तेव्हा सरळ सांगायला हरकत नाही.

गंगापूर रोडच्या मागच्या बाजूला आमची शाळा. मराठी माध्यमाची. तिथं मी बावीस वर्षं इंग्रजी शिकवत होतो आणि त्यातली अठरा वर्षं दहावी अ माझ्याकडे होती. दहावी अ म्हणजे शाळेची हुशार तुकडी. ती ज्याच्याकडे असेल त्याला पालक रस्त्यात थांबवून नमस्कार करतात. माझ्या निबंधांच्या नोट्स प्रसिद्ध होत्या. मी डिक्टेट करायचो, मुलं उतरवून घ्यायची, पाठ करायची आणि पेपरात लिहायची. 'विधाते सरांच्या नोट्स' म्हटलं की दुसऱ्या शाळांतली मुलंही मागायला यायची.

बोरस्ते मॅडम निफाडच्या. येऊन दीड वर्षही झालं नव्हतं. त्या काळात शाळांना नुकत्याच कॉम्प्युटर लॅब मिळाल्या होत्या. आमच्या लॅबमध्ये दहा मशीन होती, त्यांच्यावर शिवलेली कव्हरं, आणि दाराबाहेर चपला काढायचा नियम. मी त्या दारावरून जाताना चपला मोजायचो. मधल्या सुट्टीत तिथं तीस-तीस जोड असायचे. पूर्वी मधल्या सुट्टीत मुलं माझ्या टेबलाभोवती असायची.

त्या फिल्मनंतरच्या सोमवारी दातार सर स्टाफरूममध्ये म्हणाले, "जूनपासून दहावी अ बोरस्ते मॅडमना द्यावी, असं काही पालक म्हणतायत. मी अजून ठरवलेलं नाही. विधाते सर, तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं ते सगळ्यांना दिसत होतं. तरी मी शांतपणे बोललो. "फिल्म चांगली आहे सर. पण बोर्डाचा पेपर फिल्मवर होत नाही. मुलांची शब्दसंपत्ती किती, ते बघायला हवं."

"ते कसं बघणार?"

"मॅडमकडेच आहे ना ते यंत्र," मी म्हणालो.

ते यंत्र म्हणजे एक छोटा प्रोग्रॅम. कुठल्यातरी मासिकाबरोबर आलेल्या सीडीवर तो त्यांना मिळाला होता. त्यात मजकूर घातला की दोन गोष्टी कळायच्या. एक, मजकुरात वेगवेगळे शब्द किती आणि कुठला शब्द किती वेळा आलाय. दोन, एखाद्या शब्दावर क्लिक केलं की तो ज्या ज्या वाक्यात आलाय ती सगळी वाक्यं एकाखाली एक दिसायची. मॅडम त्यावरून मुलांना दाखवायच्या की बघा, 'गुड' किती वेळा वापरलात, आता दुसरा शब्द शोधा.

मी म्हणालो, "माझी दहावी अ आणि त्यांची नववी ब. एकच विषय, दोन्ही वर्गांनी निबंध टाइप करायचे. निकाल सगळ्यांसमोर लावू. खालच्या वर्गाला थोडी सूट धरा हवं तर."

"विषय?" दातार सरांनी विचारलं.

"माय ग्रँडफादर," मी म्हणालो.

हा विषय मी सहज सुचल्यासारखा बोललो. पण तो निबंध ऑगस्टमध्येच डिक्टेट करून झाला होता, माझ्या सगळ्यात भारी नोट्सपैकी एक. 'व्हेटरन', 'मॅजेस्टिक', 'इंडॉमिटेबल' असे शब्द त्यात ठासून भरलेले. नववी ब च्या पोरांना ते उच्चारताही आले नसते. लबाडी होती. मला ती तेव्हा तयारी वाटली.

मीटिंग संपल्यावर मॅडम माझ्या टेबलाजवळ आल्या. "सर, विषय दुसरा घेऊया का? माय व्हिलेज, किंवा माय नेबर?"

"का? आजोबांची भीती वाटते?"

"तसं नाही सर. पण... बघा म्हणजे. तुमची इच्छा."

घाबरली, असं मी मनात म्हटलं. त्या दिवशी डबा मी फार चवीनं खाल्ला.

दोन्ही वर्गांची मुलं आठवडाभर ऑफ तासांना लॅबमध्ये टाइप करत होती. माझी मुलं एका बोटानं टाइप करत होती, पण न थांबता. पाठच होतं. नववी ब ची मुलं मध्येच थांबायची, छताकडे बघायची, डिक्शनरी उघडायची, एकमेकांना विचारायची. एकानं मला विचारलं, "सर, आमचे बाबा लय घोरतात, त्याला इंग्रजीत काय म्हणायचं?" आजोबांबद्दल विचारत होता. मी त्याला मॅडमकडे पाठवला.

शनिवारी शाळा सुटल्यावर सगळे शिक्षक लॅबच्या बाहेर चपला काढून आत जमले. आधी नववी ब चे निबंध घातले. यादी आली. शब्द साधे होते, पण यादी संपता संपेना. क्रेट, रेडिओ, टीथ, बुलक, टोबॅको, स्पेक्टॅकल्स, स्नोअर. दातार सरांनी 'ग्रँडफादर'वर क्लिक करायला सांगितलं. वाक्यं दिसली. एकाचे आजोबा द्राक्षांच्या क्रेटवर बसून क्रिकेट ऐकत. एकाचे कवळी पेल्यात ठेवत. एकानं लिहिलं होतं, 'माय ग्रँडफादर डझ नॉट लाइक मी.' चुका ढिगानं होत्या, त्या मी मोठ्यानं दाखवल्या. कुणी फारसं लक्ष दिलं नाही. सगळे पुढचं वाक्य वाचत होते.

मग माझी दहावी अ. मी पुढे सरकून उभा राहिलो.

आकडा आला आणि मला वाटलं, मशीन बिघडलं. माझी मुलं वरच्या वर्गातली, निबंधही लांब. पण वेगवेगळे शब्द नववी ब च्या निम्मेही नव्हते.

"काहीतरी चुकलंय," मी म्हणालो. "यात 'व्हेटरन' दिसतोय का बघा. हा शब्द नववी ब ने एकदा तरी वापरलाय का? क्लिक करा त्याच्यावर."

मॅडमचा हात माउसवर होता. त्या माझ्याकडे बघून हळूच म्हणाल्या, "सर, राहू द्या ना."

"करा म्हणतो ना!"

त्यांनी क्लिक केलं. स्क्रीन भरली. 'माय ग्रँडफादर इज अ व्हेटरन सोल्जर विथ अ मॅजेस्टिक मुस्टाश.' खाली पुन्हा तेच. त्याच्याखाली पुन्हा तेच. मॅडमनी स्क्रीन खाली सरकवली, तरी तेच. सत्तेचाळीस वेळा. वर्गात अठ्ठेचाळीस मुलं होती. एकाला ऑगस्टमध्ये गोवर झाला होता. त्याचे आजोबा एसटीत कंडक्टर निघाले.

मग दातार सरांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "विधाते सर, आपल्या दहावी अ मध्ये अख्खी पलटणच आहे की."

सगळे हसले. मीही हसल्यासारखं केलं. चपला घालताना डावी-उजवी उलटी घातली, ते गेटपर्यंत कळलं नाही.

सायकल स्टँडवर मॅडम आल्या. मी तोंड फिरवलं. म्हटलं, "बोला आता. जिंकलात."

"सर, मी आधीच सांगायला हवं होतं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

"काय सांगायला हवं होतं?"

"तुमच्या नोट्सच्या झेरॉक्स निफाडला यायच्या. आमच्या क्लासमध्ये सगळ्यांकडे होत्या. दहावीच्या पेपरात माझेही आजोबा सोल्जरच होते. मार्क चांगले पडले सर. पण त्याच वर्षी आजोबा गेले. नंतर वाटलं, त्यांच्यावर लिहायला मिळालं होतं आणि आपण दुसऱ्याच माणसावर लिहून आलो."

मी सायकलचं कुलूप काढत राहिलो.

"सर, तुमचे आजोबा होते का हो सैन्यात?"

"नाही," मी म्हणालो. "फुलं विकायचे."

दहावी अ जूनमध्ये त्यांना मिळाली. मला नववी ब. मत्सर गेला म्हणाल, तर नाही गेला. पुढची दोन वर्षं मी लॅबच्या दाराशी चपला मोजतच होतो. फक्त त्यांत आता माझ्याही असायच्या. नववी ब च्या मुलांनी अट घातली होती की आधी सरांनी स्वतःची स्टोरी करायची. घरात आजोबांचा एकच फोटो निघाला. डोक्यावर झेंडूची पाटी, चेहरा अर्धा झाकलेला. मिशी नव्हतीच. इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, पण त्या माणसावर एक वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. डिक्शनरी तीनदा उघडली.

या धंद्यातल्या नव्या लोकांना माझा एकच सल्ला आहे. दुसऱ्याला मोजायला यंत्र मागवायचं असेल, तर आधी त्यात आपला स्वतःचा मजकूर घालून बघा. एकटे असताना, दार लावून.