साडूभाऊंचा लिलाव

जगातली कुठलीही वस्तू विकली जातेच, फक्त ती आमच्या साडूभाऊंच्या हातून जायला हवी, असं माझं ठाम मत आहे. उद्या कुणी त्यांना पेणच्या एस. टी. स्टँडावरचा मोडका बाक आणून दिला, तर ते त्याचा सकाळच्या उजेडात फोटो काढतील, खाली "एक पाय डुगडुगतो, पण बसणाऱ्याला अजून पाडलेलं नाही" असं लिहितील, आणि आठवडाभरात तो बाक कोल्हापूरकडच्या एखाद्या हौशी माणसाच्या अंगणात जाऊन बसेल. वर तो माणूस यांनाच आभाराचा मेसेज धाडेल. साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आमच्या ताईंचे, यजमान. आम्ही पेणला रामवाडीत, ते रोह्याला. सगळी नोकरी धाटावच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळण्यात गेली. रिटायर झाल्यावर माणसं पहाटे फिरायला जातात, गुडघे दुखवून घेतात आणि मग दुपारभर दुसऱ्यांच्या गुडघ्यांची चौकशी करतात. यांनी मोबाइलवर लिलाव सुरू केला.

सुरुवात झाली ती पाणी तापवायच्या तांब्याच्या बंबापासून. माळा आवरताना तो निघाला, ताई म्हणाल्या, भंगारवाल्याला देऊन टाका. साडूभाऊंनी तो चिंच लावून घासला आणि लिलावाच्या साइटवर चढवला. कुठल्याशा हॉटेलवाल्यानं शोभेसाठी चढाओढ करून तो नेला. झालं! तेव्हापासून त्या घरातली प्रत्येक वस्तू त्यांच्या नजरेला बिचकून असते. आमच्याकडे आले तरी तीच तऱ्हा. गेल्या दिवाळीत चहा पिता पिता त्यांनी बशी उलटी करून खालचा शिक्का वाचायला घेतला, तेव्हा आमच्या हिनं बशी त्यांच्या हातातूनच काढून घेतली आणि उरलेला चहा त्यांना स्टीलच्या भांड्यातून दिला. त्यांना त्याचं काही वाटलं नाही. "शिक्का खरा हाय गो, सांभाळून वापर," एवढंच म्हणाले.

यात त्यांचं शास्त्र आहे हो. बोलीचं गणित ते खाडीवरच्या मासळीच्या लिलावात शिकले. सकाळी सकाळी तिथं जाऊन उभे राहायचे. घ्यायचं काही नाही, नुसतं बघायचं. टोपलीवाल्या बाया वैतागायच्या. "काका, घ्यायचं नाय तर वाट कशाला अडवताव?" "शिकतोय गो," हे आपले शांतपणे सांगायचे. तिथं त्यांना कळलं की पहिला आकडा नेहमी लहान ठेवायचा. "साडू, पयली बोली अशी पायजे का बघणाऱ्याला वाटलं पायजे, आपण नाय घेतलं तर आपल्यासारखा येडा नाय. एकदा का दोघं इरेला पेटले, की वस्तू बाजूलाच राहते." लिलाव संपायची वेळ मात्र त्यांची स्वतःची: रविवार दुपार. मटण पोटात गेलेलं असतं, माणूस आडवा पडलेला असतो, मोबाइल छातीवर, तेव्हा हात सगळ्यात सढळ. सोमवारी त्याच माणसाला शहाणपण येतं, असं त्यांचं म्हणणं. ते मात्र स्वतःच्या मालावर दुसऱ्याच्या नावानं बोली लावून भाव कधी चढवणार नाहीत. मी एकदा गमतीनं तसं सुचवलं, तर दोन दिवस माझा फोन उचलला नाही.

आणि दोष आधी सांगायचे, ही तर त्यांची खासियत. कंदिलाच्या चिमणीला केसाएवढी चीर असली तरी ती त्यांच्या मजकुरात पहिल्या ओळीत. "गिऱ्हाईक दोष शोधायलाच येतं. त्याला शोधायला काय ठेवायचंच नाय." ही सवय इतकी अंगात मुरली की पुतण्याला बघायला कासूची मंडळी आली तेव्हाही यांचं तोंड आवरलं नाही. पोहे अजून बशीतच होते, तोवर हे सुरू: "मुलगा घोरतो. हिशेबात कच्चा हाय. चिडला की जेवत नाय, पण संध्याकाळपर्यंतच." पुतण्याचा चेहरा पडला, त्याच्या आईनं पदर तोंडाला लावला. मुलीचा बाप मात्र खदाखदा हसला आणि म्हणाला, एवढं सगळं बाहेर काढल्यावर या घरात लपवायला उरलं काय? जागच्या जागी सुपारी फुटली. साडूभाऊ अजूनही त्या लग्नाला आपला सगळ्यात यशस्वी लिलाव म्हणतात. पुतण्याच्या बायकोसमोरही म्हणतात.

पार्सल बांधायचं शिक्षण त्यांनी आमच्या पेणला घेतलं. गणपतीच्या कारखान्यात मूर्ती लांबच्या गावी जायला निघतात तेव्हा हे एका कोपऱ्यात स्टूल टाकून बसतात. सोंडेच्या आतून पेंढा कसा घालायचा, हाताच्या बेचक्यात किती, कानामागं किती, सगळं बघून ठेवलं. मग तसंच अत्तराची कुपी बांधतात, तसंच दगडी खल बांधतात. बांधून झालं की स्वतःच्या हातानं पार्सल ओट्यावरून अंगणात टाकून बघतात. शेजारी आता दचकत नाहीत. एकदा आमच्याकडे पाहुणे जेवायला येणार म्हणून ताईंनी लोणच्याची बरणी पाठवली, बांधणारे अर्थातच हे. मी सुरी घेतली, कात्री घेतली, शेवटी शेजाऱ्यांची पक्कड आणली. लोणचं हाताला लागलं तेव्हा पाहुणे जेवून हात धुऊन गाडीत बसलेले होते.

या सगळ्या मजकुराखाली एक ओळ ठरलेली: "फोटोत दिसेल ते सगळं मिळेल, जसंच्या तसं." आजवर एका गिऱ्हाइकानं तक्रार केलेली नाही याचा त्यांना केवढा अभिमान! साठी उलटलेला माणूस, पण कुणी चांगला शेरा दिला की लहान पोरासारखा दाखवत फिरतो. आणि याच ओळीनं त्यांचा घात केला.

आमच्याकडे कारखान्यातून गणपती नुसता उचलून आणत नाहीत. घरचा पाट आधीच कारखान्यात नेऊन द्यायचा. पाटाच्या पाठीवर आपलं नाव घातलेलं असतं, मूर्ती त्या पाटावर बसते आणि पाटासकट घरी येते. ताईंचं माहेर पेणचं, त्यामुळे त्यांचा गणपती पेणच्याच कारखान्यातला. दर वर्षी पाट रोह्याहून गाडीनं येतो. नागोठणं जातं, कासू जातं, ताई तो मांडीवरून खाली म्हणून ठेवत नाहीत. पाट सागवानी, कोपऱ्यांना पितळी फुलं. लग्नानंतरच्या पहिल्या गणपतीसाठी साडूभाऊंनी सुताराच्या समोर दिवसभर ठाण मांडून तो करून घेतलेला. म्हणजे संसाराइतकाच जुना.

तर यंदा ताईंनी पाट पुसून, खोबरेल तेलाचा हात फिरवून खिडकीपाशी वाळत ठेवला होता. साडूभाऊंना त्या दिवशी पितळी अडकित्त्याचा फोटो काढायचा होता. खिडकीतला उजेड सुरेख, तेल प्यायलेला सागवान समोर. ठेवला अडकित्ता पाटावर. आधीही ते कधीमधी वस्तू पाटावर ठेवायचे. पाटावर ठेवलं की वस्तूला मान येतो, असं म्हणायचे. पण बंब, समई असल्या मोठ्या वस्तूंखाली पाटाची नुसती कडा दिसे. अडकित्ता वीतभर. फोटो सगळा पाटाचाच आला.

रविवारी दुपारी मला फोन. आवाजात गुलाल उधळलेला. "साडू, अडकित्त्याची बोली कुठल्या कुठं गेली! लोक परत सुपारीकडं वळले म्हणायचे!" मीही मनापासून अभिनंदन केलं. सोमवारी ज्यांनी लिलाव जिंकला त्या अमरावतीकडच्या बाईंचा मेसेज आला: पाट आणि अडकित्ता एकाच खोक्यात पाठवणार की वेगवेगळे?

मंगळवारी आमच्या दारात ताई. काखेत चादरीत गुंडाळलेला पाट. "भावोजी, हा तुमच्याकडं ठेवून घ्या. आणि ते आले तर दार उघडू नका." ते मागच्याच गाडीनं आले. दार अर्थात उघडलं.

मी म्हटलं, "अहो, यात काय एवढं? कळवा त्यांना, पाट विकायचा नव्हता, चूक झाली. पैसे परत करा."

साडूभाऊ खुर्चीच्या टोकावर बसले होते. इतका उतरलेला चेहरा मी त्यांचा कधी पाहिला नव्हता. "चूक माझी हाय, साडू. तिची नाय. तिनं फोटो बघितला, खालची ओळ वाचली आणि बोली लावली. आता नाय म्हटलं तर आजपर्यंत जे जे लिवलं ते सगळं खोटं."

"आणि माझा गणपती कशावर बसवू?" ताई आतून कडाडल्या. "तुमच्या टकलावर?"

"मी नवा करून देतो ना."

"तेव्हा दिवसभर सुताराकडं बसला होतात. आता तासभर बसलात की कंबर धरते तुमची."  मग ताईंनीच पदरानं तोंड पुसलं आणि हात पुढं केला. "नंबर द्या तिचा. मी सांगते. बाईमाणूस हाय, समजेल तिला."

फोन लागला. स्पीकरवर होता, म्हणून आम्ही सगळेच ऐकत होतो. ताईंनी कोण बोलतंय ते सांगितलं मात्र, पलीकडून आनंदाचा नुसता धबधबा. "बरं झालं ताई, तुम्हीच फोन केला जी! मला विचारायचंच होतं. आमच्याकडे गणपती ह्यांच्या मोठ्या भावाकडे, जेठांच्या घरी बसायचा. आता घर वेगळं झालं, यंदा पहिल्यांदा आम्ही बसवतो आहो. तुमच्या पाटाच्या मधोमध कुंकवाचा डाग दिसला ना, तेव्हाच मी ह्यांना म्हटलं, यावर देव बसलेला आहे, हाच पाहिजे. मला काहीच माहीत नाही जी. सासूबाई नाहीत. पाटाची पुढची बाजू कोणती हो?"

  ताई एकदा पाटाकडे बघत होत्या, एकदा फोनकडे. मग खाली बसल्या.

"बारीक चीर हाय ना, ती बाजू मागं करायची," त्या म्हणाल्या. "आणि नळाखाली धरायचा नाय हो. ओल्या फडक्यानं पुसायचा, मग खोबरेल. सावलीत वाळवायचा. खिडकीपाशी अजिबात ठेवू नका. खिडकीपाशी ठेवला म्हणून तर..." इथं त्या थांबल्या, साडूभाऊंनी मान खाली घातली. पण ताई पुढं बोलतच राहिल्या. अक्षता किती, वस्त्र कुठलं, उकडीचे मोदक फुटू नयेत म्हणून काय करायचं, सगळं सांगितलं. पलीकडची बाई प्रत्येक गोष्टीला "हो जी" म्हणत होती. आमच्या हिनं दोनदा चहा गरम केला, कुणी घेतला नाही.

फोन ठेवून ताईंनी पाट चादरीतून काढला. तळहात एकदा त्याच्यावरून फिरवला आणि तो साडूभाऊंपुढं सरकवला. "बांधा. पण नीट बांधा. मी समोर बसणार."

मी कारखान्यातून पेंढा आणून दिला. साडूभाऊ बांधायला बसले. पितळी फुलांवर एकेक करून कापूस लावला. मधोमध अडकित्ता बांधला. गाठ मारून झाली, आणि हे पार्सल काही त्यांनी ओट्यावरून टाकून बघितलं नाही. पोस्टापर्यंत दोघं चालत गेले, मध्ये खोकं धरून.

नवा पाट झाला. कंबरेला पट्टा बांधून साडूभाऊ सुताराकडे दिवसभर बसलेच, ताई दुपारी डबा घेऊन गेल्या. पाट कारखान्यात द्यायला मीही बरोबर होतो. मालकानं उलटापालटा करून विचारलं, "जुना मोडला काय हो, ताई?"

"मोडतोय कशाला?" ताई म्हणाल्या. "सासरी गेला."

चतुर्थीला आम्ही रोह्याला होतो. नव्या पाटावर गणपती छान दिसत होता, पण ताईंचा हात सवयीनं कोपऱ्यातलं पितळी फूल चाचपायला जायचा आणि मागं यायचा. आरती झाली, प्रसाद वाटून झाला, तेवढ्यात ताईंचा मोबाइल वाजला. अमरावतीकडच्या बाई. त्यांनी फोन फिरवून आपला गणपती दाखवला. लहानसं घर, लहानशी मूर्ती, माळ थोडी तिरकी, भोवती बरीच पोरं. ताईंनी उभ्या उभ्या हात जोडले. साडूभाऊ मागं दाराशी होते, पुढं यायला धजत नव्हते. ताईंनीच मोबाइल त्यांच्याकडे वळवला.

"बघा," त्या हळूच म्हणाल्या, "किती नीट ठेवलाय हो तिनं."

साडूभाऊंनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. 

"व्हय," एवढंच म्हणाले.