तिसरं पिल्लू

लहानपणी आमच्याकडे मांजर होतं असं सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो: कुठून आणलं? मी म्हणते, सापडलं. हे खोटं आहे. ते सापडलं नव्हतं, मी उचललं होतं. आणि नऊ वर्षांच्या मुलीला या दोन गोष्टींतला फरक चांगला कळतो.

सत्तरचं दशक सरत आलं होतं. गंगापूर रोडला तेव्हा आजच्यासारखी गर्दी नव्हती. आमच्या सरकारी क्वार्टर्सची मागची भिंत ओलांडली की सरळ द्राक्षबागा लागायच्या. आठ घरांची एक रांग, प्रत्येक घरामागे बंब तापवायची जागा आणि सरपणासाठी पत्र्याची शेड. वडील कचेरीत कारकून. धाकटा भाऊ वर्षाचा होता आणि सगळं घर त्याच्याभोवती फिरत होतं. मला माझं म्हणून काहीतरी हवं होतं, आणि ते मांजरच हवं होतं. मी महिनाभर आईच्या मागे भुणभुण लावली होती. आई बधली नाही.

"मुकं जनावर लळा लावतं आणि एक दिवस निघून जातं," ती म्हणायची. "मला नको तो घोर."

मे महिन्यात रांगेतल्या पहिल्या घराच्या शेडमध्ये एक करडी मांजर व्याली. तीन पिल्लं झाली. मांजर पिल्लांना सात घरं फिरवते असं आमच्याकडे सगळेच म्हणायचे, आणि ती खरोखरच दर दोन-तीन दिवसांनी घर बदलत होती. आम्ही मुलं बोटांवर मोजत होतो. पाचवं घर आमचं. आमच्या सरपणात तिने तीन दिवस काढले. मी दिवसातून वीसदा वाकून बघायची आणि ती अंग फुगवून माझ्यावर फिस्कारायची.

चौथ्या दिवशी दुपारी तिने हलवाहलव सुरू केली. एक पिल्लू मानेला धरून नेलं, परत आली, दुसरं नेलं. तिसरं लाकडांच्या फटीत एकटं राहिलं. डोळे नुकतेच उघडलेलं, पांढऱ्या पायांचं. ती परत येणार हे मला माहीत होतं. तरी मी ते उचललं, फ्रॉकच्या ओच्यात घातलं आणि शेजारच्या घरात शिरले. शेजारचे मास्तर सुटीत कुटुंबासह नांदगावला गेले होते. किल्ली आमच्याकडे होती आणि त्यांच्या मोगऱ्याला पाणी घालायचं काम माझ्याकडे होतं. त्यामुळे मी तिथे जा-ये केली तरी कुणाला नवल वाटणार नव्हतं.

त्यांच्या स्वयंपाकघरात द्राक्षांचं एक रिकामं खोकं होतं. त्यात जुनं पातळ अंथरून मी त्याला ठेवलं. बाळाचं काय काय करायचं ते मी भावामुळे रोज बघत होते, सगळं पाठ होतं. कोमट पाण्याने आंघोळ घातली, भावाचाच साबण लावून. पुसून कोरडं केलं. अंगभर पावडर लावली. नजर लागू नये म्हणून कपाळावर काजळाची तीट लावली. माझ्या वाटणीच्या दुधात कापसाचा बोळा भिजवून त्याच्या तोंडाशी धरला, तर ते चोखायला लागलं. मला इतका आनंद झाला की रडू आलं. असं तीन दिवस केलं, आणि आंघोळ तर एकही दिवस चुकवली नाही.

बाहेर ती हाका मारत होती. आपण म्याऊ म्हणतो तसा तो आवाज नव्हता. खोल, तुटक, मध्येच थांबून कान देणारा. ती आमच्या शेडमध्ये जायची, प्रत्येक लाकूड हुंगायची, भिंतीवर चढायची, पुन्हा खाली यायची. मास्तरांच्या बंद दाराशीही ती येऊन गेली असेल. पिल्लू ओरडायला लागलं की मी त्याला पोटाशी धरून वरून पातळ गुंडाळायची.

शेवटच्या घरातल्या काकू मागच्या दारी येऊन म्हणाल्या, "कालपासनं हिंडतीये बिचारी. बोक्यानं नेलं वाटतं एक."

आई कणीक मळत होती. तिचे हात थांबले.

"दूध भरलं असेल हो तिला," ती म्हणाली. "ठणकत असेल. आमचा बाळ जन्मल्यावर आठ दिवस दवाखान्यात काचेच्या पेटीत होता ना, तेव्हा मी भोगलंय ते."

मग दारात मांजर नको म्हणणाऱ्या माझ्या आईने वाटीत दूध घेतलं आणि मागच्या पायरीवर ठेवलं. मांजरीने त्याला तोंडही लावलं नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी, भाऊ झोपल्यावर, डोक्यावर पदर घेऊन आई आमची शेड उपसायला लागली. एकेक लाकूड बाजूला ठेवत होती. मांजर तिच्या पायाशी उभी होती, फिस्कारत नव्हती.

"तू कुठे पाहिलंस का गं?" आईने मला विचारलं.

"नाही," मी म्हटलं. तिच्याकडे बघूनच म्हटलं.

तिसऱ्या दिवशी आईने शेड पुन्हा उपसायला घेतली तेव्हा मला राहवलं नाही. तिच्या हाताला कुसळं टोचून बोटं सुजली होती. मी किल्ली तिच्यापुढे धरली आणि सगळं सांगितलं. मला मार हवा होता. तिने मारलं नाही. ती मास्तरांच्या घरात गेली, खोक्यातून पिल्लू उचललं, आणि नाकाशी नेऊन तिथेच भिंतीला टेकून खाली बसली.

"आंघोळ घातलीस?"

"रोज."

आईने पिल्लू पुन्हा एकदा हुंगलं, आणि तेव्हा मी पहिल्यांदा घाबरले.

अंगणात पिल्लू खाली ठेवलं. ते ओरडलं मात्र, आणि मांजर कुठून तरी धावत आली. मला वाटलं, सुटले. तिने त्याचं डोकं हुंगलं. पोट हुंगलं. पुन्हा डोकं हुंगलं. मग कान मागे पाडून ती फिस्कारली, आणि पिल्लू पोटाकडे सरकलं तशी तिने त्याला पंजाने बाजूला ढकललं. आईने ओल्या फडक्याने पिल्लाची पावडर पुसली, तीट पुसली, सरपणाखालची धूळ त्याच्या अंगाला चोळली आणि संध्याकाळी पुन्हा ठेवून पाहिलं. पुन्हा तेच झालं.

"तिचा वास गेला गं त्याच्यावरचा," आई म्हणाली. आवाजात राग नव्हता. "आता तूच पाज त्याला. ठेव घरात."

महिनाभर मी जे मागत होते ते मला मिळालं होतं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

पुढे ते पिल्लू आमच्याकडे वाढलं, पण मला आठवते ती त्यानंतरची एक संध्याकाळ. मी मागच्या पायरीवर पिल्लाला मांडीवर घेऊन बोळ्याने दूध पाजत बसले होते. मांजर समोरच्या भिंतीवर आली. पिल्लाने तिला ओळखलं, बोळा सोडला आणि ओरडायला लागलं. तिने वळून त्याच्याकडे पाहिलं. नीट पाहिलं. मग मान फिरवून ती द्राक्षबागेकडे तोंड करून आपल्या पिल्लाला हाका मारायला लागली.